सहजीवन नको, आणि सावज मुळात कोण?

पुण्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न: खाणारा आणि खाल्ला जाणारा सूक्ष्मजीव एकाच भांड्यात टिकतात, त्याला पोस्टरवर 'सहजीवन' म्हणू का? आणि 'शिकारी-सावज' ही जोडी चालेल का?

सहजीवन नको! जुन्नरच्या उसात बिबट्या दिसला की लगेच 'मानव-बिबट्या सहजीवन' छापून येतं. ज्याची शेळी गेली त्याला विचारा. सहजीवन म्हणजे सिंबायोसिस, दोन वेगळ्या जिवांनी एकमेकांच्या आधाराने जगणं (पुण्यात हा शब्द काढला की त्या नावाच्या संस्थेचा सेनापती बापट रस्ता आठवतो, ते सोडा). गोडा मसाल्यातलं दगडफूल घ्या, त्यातली बुरशी आणि शैवाल करतात ते सहजीवन.

तुमच्या जिवांचं तसं नाही. १९३४ साली गाउझे या रशियन जीवशास्त्रज्ञाने दाखवलं, की डिडिनियम हा खाणारा सूक्ष्मजीव नळीतले सगळे पॅरामिशियम, म्हणजे त्याचं खाद्य असलेले सूक्ष्मजीव, फस्त करतो आणि मग स्वतःही उपाशी मरतो. १९७३ मध्ये लकिनबिल या संशोधकाने मिथाइल सेल्युलोज घालून पाणी दाट केलं, दोघांचा वेग मंदावला, वर पॅरामिशियमचा खुराकही कमी केला, तेव्हा कुठे दोघं टिकले. याला 'नांदणं' म्हणा. मूळ धातू 'नन्द्', आनंद करणे. पण नांदायला आनंद लागतोच असं नाही, हे मराठीने सासुरवाशिणींना पाहून केव्हाच ठरवलंय.

आता सावज. हा शब्द 'श्वापद'वरून आला: श्वा म्हणजे कुत्रा, त्याच्यासारखे पाय असलेला, म्हणजे हिंस्र पशू. प्राकृतात 'सावय'. म्हणजे सावज हा मुळात खाणारा! गुजरातीत आजही सावज म्हणजे सिंह. आपल्याकडे 'श्वापद' फाडून खातं आणि 'सावज' फाडलं जातं, शब्द मात्र एकच. हे उलटं कसं झालं? माझ्या मते माणसामुळे. वाघाच्या शिकारीला निघालेल्याला वाघ हेच सावज. पुढे ज्याच्या मागे लागावं ते सगळंच सावज, मग ते हरिण असो की लग्नाचा मुलगा. आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त प्राध्यापक 'शावक'वरून व्युत्पत्ती लावतात. पिल्लू गोंडस असतं, एवढाच त्यांचा पुरावा. गिरच्या सिंहाला गुजराती माणूस पिल्लू म्हणतो काय? 'य'चा 'ज' कसा झाला, असा त्यांचा टोला असतो. तो मला थोडा लागतो, पण 'शावक'च्या 'क'चा 'ज' तरी त्यांनी कुठे करून दाखवलाय?

हं, पोस्टर. 'भक्षक आणि भक्ष्य एकत्र कसे नांदतात' असं लिहा. 'भक्ष्य'मधला 'य' खाऊ नका.