वारसा यादीतलं घर: आधार कुठे मिळतो?

प्रश्न: दक्षिण मुंबईतलं आमचं घर वारसा यादीत ग्रेड दोन-अ मध्ये आहे. बाहेरचा गिलावा सुटतोय. दुरुस्तीला सरकारी पैसे मिळतील का?

उत्तर: त्या भरवशावर काम थांबवू नका. वारसा नियमांत दुरुस्ती निधीचा उल्लेख आहे, पण तो ‘उभारता येईल’ एवढाच; हक्काने मागता येईल अशी ती रक्कम नव्हे. खरा आधार दुसरीकडे आहे. वारसा जपताना बांधकामाचा हक्क गमवावा लागत असेल, तर त्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मागता येतो. इमारत नीट राखायची हमी दिलीत, तर निवासी भाग ऑफिससाठी वापरायची परवानगीही मिळू शकते. देखभालीत हयगय झाली तर ती काढून घेता येते.

गिलाव्याला हात लावण्याआधी पालिका आयुक्तांची परवानगी हवी. रंगकामही त्यात येतं. आयुक्त वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेतात, म्हणून अर्जात ‘दुरुस्ती व रंग’ असं मोघम लिहू नका. दर्शनी बाजूच्या नकाशावर प्रत्येक तडा दाखवा, जवळून फोटो काढा, कुठे कोणतं साहित्य वापरणार ते लिहा. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट तर नकोच. सिमेंटमुळे भिंतीतली ओल बाहेर पडत नाही आणि तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं. पावसाच्या पाइपामागे तुळईत स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. सहज रुतला, तर आधी गळती आणि लाकूड, मग गिलावा.

प्रश्न: आम्ही अशाच इमारतीत भाडेकरू आहोत. मालक लक्ष देत नाहीत. काय करावं?

उत्तर: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 14 नुसार मालकांना लेखी नोटीस द्या. 15 दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर ती तुम्ही करून खर्च भाड्यातून वळता करू शकता. मात्र वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडं महिना 400 रुपये असेल, तर वर्षाला फक्त 1,200 रुपये. एवढ्यात कौलं बदलता येतील, जिना नाही.

म्हणून इमारत उपकरप्राप्त आहे का, म्हणजे तिच्यावर दुरुस्तीसाठीचा उपकर (सेस) भरला जातो का, ते आधी पाहा. मुंबईच्या शहर भागात 30 सप्टेंबर 1969 पर्यंत बांधलेल्या अनेक इमारती त्यात येतात. तशी असेल, तर जिना, तुळया अशा मोठ्या दुरुस्तीसाठी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे सगळ्या रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज द्या. मंडळाच्या खर्चाला मर्यादा असते, वरची रक्कम कोण भरणार ते आधीच लेखी ठरवा. इमारत वारसा यादीत असल्याचं अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा, नाहीतर नक्षीदार लाकडी कठडा जाऊन तिथे लोखंडी गज येतील.