मेसेज कुणाच्या मोबाईलवर येतो ते विचार

अगं, वस्तीतल्या बायकांना लाडकी बहीणच्या पैशांबद्दल विचारायची तुझी प्रश्नावली वाचली काल रात्री. 'योजनेचे पैसे मिळतात का, हो की नाही' एवढं विचारून तू पुढच्या प्रश्नावर गेलीस पण, आणि तेवढ्यासाठी पुण्यातल्या जनता वसाहतीच्या पायऱ्या चढणार?

मागे एकीबरोबर बँकेत गेले होते, चार घरची धुणीभांडी करते ती. तासभर लाईन, प्रिंटिंगचं मशीन बंद, मग चालू, आणि पासबुकात एन्ट्री मारल्यावर कळलं की लाडकी बहीणचे दीड हजार या खात्यात येतच नाहीयेत. आधार दुसऱ्याच खात्याला लिंक, आणि त्याचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात! तुझ्या फॉर्ममध्ये ती 'हो'मध्येच गेली असती. तर मेसेज कुणाच्या मोबाईलवर येतो, कार्ड कुणाकडे असतं, मागचे पैसे कशाला गेले हे विचार. २०२५ला ई-केवायसी आली तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार आणि ओटीपीपण मागत होते, आता टाकून गेलेल्या नवऱ्याचा ओटीपी आणायचा कुठून सांग.

पण म्हणून 'फुकटचे पैसे' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नको हां. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी बायकांच्या स्वतःच्या खात्यात टाकली, वर खातं कसं वापरायचं ते शिकवलं, तर त्या जास्त कामाला जायला लागल्या. दक्षिण आफ्रिकेत पेन्शन आजीच्या हातात पडली तिथे नातींची तब्येत सुधारली, आजोबांच्या हातात पडली तिथे तसं काही दिसलं नाही (मला आजिबात नवल वाटलं नाही).

आणि पोरं कोण सांभाळतं ते विचारायला विसरू नको. रोजगार हमीच्या २००५च्या कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त पोरं असली तर त्यांना बघायला एक बाई नेमायची असं लिहिलं होतं, पण शहरात धुणीभांडीवालीला तेवढंही नाही, अंगणवाडी दुपारीच सुटते आणि हिची शेवटची दोन घरं संध्याकाळची, म्हणजे मोठी पोरगी शाळा बुडवून घरी.

रविवारी जाऊ नकोस, नवरे घरी असतात. दुपारी जा, आणि कार्डाचा प्रश्न सासूसमोर काढू नको, ती नळावर निघाली की एक हंडा तू उचल आणि चालता चालता विचार.