कोमानंतर घरी आल्यावर

ताई, इन्सुलिन घेणारे तुमचे यजमान शुगर फार खाली जाऊन कोमात गेले होते, आता घरी आलेत. त्यांना नावं आठवत नाहीत, ते लगेच चिडतात, हे मुद्दाम नाही. शुगर कोसळल्यावर मेंदू उपाशी राहिला, त्याची ही झळ. सुधारणा महिनोन्महिने चालते. न्यूरोच्या डॉक्टरांकडून स्मरणशक्तीची तपासणी जरूर करून घ्या. शुगरच्या रिपोर्टात हे दिसत नाही.

मला जास्त काळजी शुगर पुन्हा घसरेल त्या वेळेची वाटते. तेव्हा घाम, थरथर या धोक्याच्या खुणा जाणवतीलच असं नाही. काही आठवडे शुगर ७० खाली जाऊच दिली नाही, तर पुष्कळांना ही जाणीव परत येते. त्यासाठी इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्या. ७० खाली दिसली की १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात साखरपाणी अजिबात घालू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा.