टर्बाइन की जनरेटर?

प्रश्न : मुलाला उरणच्या वायू प्रक्रिया प्रकल्पात नोकरी लागली. तिथे वीज गॅस टर्बाइनवर करतात म्हणे. आमच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल जनरेटर आहे, तो काय वाईट? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : वाईट नाही हो! पण तुमचा वीज गेल्यावर तासभर धावतो. जळत्या गॅसच्या झोताने पाती फिरवून वीज करणारं टर्बाइन महिनोन्‌महिने अखंड चालतं. गॅस दारातच, शिवाय 500 अंशांच्या आसपासच्या धुरावर वाफही होते. मात्र पोट नाजूक. मी 22 वर्षं ही यंत्रं सांभाळली. गॅसबरोबर द्रवाचे थेंब गेले की पाती करपतात. म्हणून गॅस आधी गाळायचा, थोडा तापवायचा. आणि यंत्राच्या पाटीवर लिहिलेली क्षमता 15 अंशांच्या हवेची असते. आपल्या एप्रिलच्या 40 अंशांत तेच यंत्र 15-20 टक्के कमी देतं. मुलाला एवढंच विचारा, राखीव टर्बाइन आहे ना?