स्टीलच्या शेगडीवरचे तांबूस ठिपके आणि फ्रिजच्या दारावरचे ठसे कसे काढावेत?

फ्रिजवरचे ठसे क्षणभर बाजूला ठेवतो, कारण 'शेगडीवर तांबूस ठिपके आले, म्हणजे दुकानदाराने नकली स्टील दिले का?' ही तुमची शंका मला अधिक महत्त्वाची वाटते. हाच आरोप आमच्या घरात माझ्यावर झालेला आहे.

धाकट्या भावाच्या वास्तुशांतीला मी स्टीलची शेगडी भेट दिली होती. पावसाळा सरता सरता तिच्यावर ठिपके उमटले, तेव्हा भावजयीने चार पाहुण्यांदेखत 'दादांनी स्वस्तातली उचलली असेल' असे ऐकवले आणि भावाने फ्रिजवरचे चुंबक काढून शेगडीला चिकटवून दाखवले. चुंबक चिकटले की स्टील खोटे, हा समज किती घरांत पसरला आहे कोण जाणे! घरगुती उपकरणांत सर्रास वापरले जाणारे ४३० प्रतीचे स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटतेच, कारण त्यात निकेल जवळजवळ नसते. उलट मँगेनीज घातलेले २०० मालिकेतले स्वस्त स्टील बहुधा चिकटत नाही, पण सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या ३०४ प्रतीच्या स्टीलपेक्षा ते लवकर गंजते. त्यामुळे चुंबकावरून दुकानदाराला चोर ठरवता येत नाही, आणि थोरल्या भावाला तर नाहीच.

खरे कारण मोरीतच होते. भावजय शेगडी लोखंडी तारेच्या घासणीने घासत असे. या घासणीचे बारीक कण पृष्ठभागावर रुतून बसतात आणि दमट हवेत तेच गंजतात. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, त्याचा हवेशी संयोग होऊन डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो आणि तो ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. मात्र मिठातले क्लोराइड त्याला जागोजागी पोखरते. म्हणून उतू गेलेली आमटी रात्रभर शेगडीवर तशीच राहू देणे वाईट, आणि ब्लीच किंवा संडास धुण्याचे आम्ल वापरणे त्याहून वाईट.

मी त्याच वेळी कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवले, त्यात भिजवलेले फडके ठिपक्यांवर काही वेळ ठेवले, मग नायलॉनच्या मऊ घासणीने स्टीलच्या रेषांच्या दिशेने हलकेच घासून, स्वच्छ पाण्याने पुसून कोरडे केले. ठिपके गेले. भावजय त्यावर काही बोलली नाही, पण पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मोरीत तारेची नवी कोरी घासणी होती. तुमच्या घरी भांडी घासायला बाई येत असतील तर त्यांच्यावर ओरडू नका. घासणी आपणच आणून देतो, तेव्हा नायलॉनची आणून द्या आणि तारेची केराच्या टोपलीत टाका.

ठिपका पुसला गेल्यावर तिथे नखाला खड्डा लागला, तर मात्र तो कायमचा समजावा. बर्नरभोवतीची निळसर-सोनेरी झाक उष्णतेची असते आणि पांढरे डाग बोअरिंगच्या जड पाण्याचे. दोन्ही पातळ व्हिनेगरने जातात.

फ्रिजसाठी भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घातलेले कोमट पाणी आणि मायक्रोफायबरचे फडके पुरे आहे. पुसल्यावर लगेच कोरडे करा, नाहीतर पाण्याचेच डाग दिसतात. ठसे पडू नयेत म्हणून दारावर लेप दिलेला असेल, तर व्हिनेगर, सोडा, लिंबू यांपैकी काहीही लावू नका. शेगडी पुसण्याआधी ती पूर्ण गार झाली आहे ना ते पाहा, ॲल्युमिनियमचे बर्नर लिंबूसत्वात भिजत घालू नका, आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्व ब्लीचमध्ये चुकूनही मिसळू नका, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.