मेडिटेरेनियन डाएट सुरू करतोयस? आधी तेल बदल

मेडिटेरेनियन डाएट म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या लोकांची पारंपरिक खाण्याची पद्धत. सगळं एकदम बदलायला जाऊ नकोस, आधी फक्त तेल बदल. बटरच्या जागी एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल, आणि हात आखडून नाही, ग्रीसच्या क्रीट बेटावरचे लोक १९५० च्या दशकात भाज्या, कडधान्यं सगळं भरपूर ऑलिव्ह ऑइल घालूनच खायचे त्यामुळे हे लो-फॅट डाएट आहे हा समज आधी डोक्यातून काढ. मग आठवड्यातून तीनदा तरी चणे, मसूर किंवा राजमा, मासे दोनदा, रोज मूठभर अक्रोड-बदाम, रेड मीट अगदी क्वचित. गोड म्हणून फळ.

स्पेनमध्ये प्रेडिमेड नावाची मोठी ट्रायल झाली, हार्टचा धोका जास्त असलेले ७,००० च्या वर लोक होते, त्यात हे डाएट ऑलिव्ह ऑइल किंवा नट्ससोबत घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक-स्ट्रोक वगैरे साधारण ३०% कमी निघाले आणि जास्त फरक स्ट्रोकमध्ये पडला, मला तरी हे फार मोठं वाटतं.

या डाएटमध्ये जेवणासोबत थोडी वाईनही धरली जाते, पण पीत नसशील तर डाएटच्या नावाखाली सुरू करू नकोस प्लीज. आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवायच्या आधी डॉक्टरांना नक्की विचार.