शहरात चुली किती?

प्रश्न : ताई, पुण्यात आमच्या धायरीत जिकडे बघावं तिकडे टॉवर चढतायत आणि आमच्याच बिल्डिंगमधे 24 पैकी 7 फ्लॅटना दोन वर्षं कुलूप आहे. हल्ली सगळ्यांना एकच मूल, म्हणजे लोकसंख्या काही पूर्वीसारखी वाढणार नाही, मग अजून एवढी घरं लागणार हे प्लॅनिंगवाले कशावरून ठरवतात? आम्हाला तर आत्ताच टँकर मागवावा लागतो.
– एक वाचक, धायरी

उत्तर : दादा, घरांचा हिशोब डोक्यांवर नाही, चुलींवर लागतो. जनगणनेतसुद्धा कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं, नातं असो वा नसो. आपण म्हणतोच ना, त्यांची चूल वेगळी झाली, अगदी तेच मोजायचं असतं.

आमच्या घरचंच सांगते. कसब्यातल्या वाड्यात आम्ही 14 माणसं, आजी-आजोबा, तीन काका, सगळ्यांची पोरं, चूल एक, विजेचा मीटर एक, रात्री माजघरात ओळीनं गाद्या पडायच्या आणि सकाळी त्या गुंडाळून कोनाड्यात गेल्या की तिथंच पाटावर जेवणं. आज त्याच घरातली माणसं मोजली तर 15 भरतात, म्हणजे इतक्या वर्षांत वाढलं एकच, पण चुली झाल्यात सहा. कोणी कोथरूडला, कोणी वारज्यात, चुलतभाऊ वाकडला, धाकटी काकू एकटी. माणूस एक वाढला आणि घरं पाच जास्त लागली.

आता हेच शहरावर लावा. 2001 ला पुणे मनपा हद्दीत साधारण 25 लाख माणसं होती, 2011 ला 31 लाख. ह्या 31 लाखांना घरटी 5 माणसं धरून भागलं तर 6 लाख 20 हजार घरं लागतात, घरटी 4 धरली तर 7 लाख 75 हजार. एकही माणूस न वाढता दीड लाखाहून जास्त घरांचा फरक. वर हिंजवडी, चाकणला कामाला येणारी पोरं आहेतच, ती काही आईवडील घेऊन येत नाहीत, दोघंतिघं मिळून एक चूल मांडतात आणि लग्न झालं की परत वेगळी.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. 2011 नंतर जनगणनाच झाली नाही, पुढची 1 मार्च 2027 ही तारीख धरून जाहीर झालीये, आणि मधल्या काळात 2017 मधे 11 गावं, 2021 मधे 23 गावं हद्दीत आली, धायरीचा सगळा भाग तर अगदी डोळ्यांदेखत भरला. म्हणजे आपण शाळा, ड्रेनेज, दवाखाने जे ठरवतोय ते जुन्या आकड्यांवर अंदाज चढवून. अंदाज लागतोच हो, त्याशिवाय प्लॅन होत नाही, पण तो दर चार-पाच वर्षांनी तपासायला पाहिजे. मीटरची कनेक्शनं, गॅसची कनेक्शनं, मिळकतकराची खाती, शाळेतली पटसंख्या, हे सगळं शहराकडे असतंच, ते एकत्र ठेवून वॉर्डवार बघितलं तरी चुली कुठे वाढतायत ते कळतं.

आता कुलपांचं. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरांमधे 1 कोटी 11 लाख घरं रिकामी सापडली, आणि 2012 मधे केंद्राच्या तज्ज्ञ गटाने शहरी घरांची तूट काढली ती 1 कोटी 88 लाख. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. त्या तुटीत साधारण 80 टक्के वाटा दाटीचा, म्हणजे लग्न झालेल्या जोडप्याला स्वतःची खोली नाही असा, आणि जवळपास 95 टक्के तूट गरीब आणि कमी उत्पन्नाच्या घरांची. तुमच्या बिल्डिंगमधले ते सात फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले असणार, भाडं किंमतीच्या मानाने थोडं, भाडेकरू सोडेल की नाही ही भीती, म्हणून मालक कुलूप लावून ठेवतो. आणि तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई एका खोलीत सून-मुलासह राहतात. त्यांना तो फ्लॅट परवडणारच नाही, म्हणून नुसती घरं वाढवून ही तूट भरत नाही, कोणत्या साइजचं आणि कोणत्या भाड्याचं घर हे आधी ठरवावं लागतं. मोठ्या प्रोजेक्टमधे 20 टक्के छोटी घरं ठेवायचा नियम त्यासाठीच आहे आणि तो काटेकोर पाळला जावा असं मला मनापासून वाटतं.

पाण्याचं तुमचं बरोबरच आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साठा 29 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, त्यात शेतीचाही वाटा. परवानगी देताना पाणी कुठून येणार हे कागदावर नाही, नळाला दिसलं पाहिजे.

प्रश्न : आई 71 वर्षांची, कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर एकटी, लिफ्ट नाही. तिला त्याच गल्लीत दोन खोल्यांचं घर हवंय, मिळतच नाही. हे प्लॅनमधे कोणी धरतं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : धरायला पाहिजे, नीट केलं तर धरतातही. प्रत्येक वयोगटात किती जण स्वतःचं घर चालवतात हे काढतात आणि तो वयोगट पुढे किती होईल त्याने गुणतात. तुमच्या आईसारख्या एकट्या ज्येष्ठांची घरं ह्यात झपाट्याने वाढताना दिसतात, पण बांधलं जातं ते टूबीएचके, थ्रीबीएचके. रिडेव्हलपमेंटमधे तर जुन्या छोट्या ब्लॉकच्या जागी मोठेच येतात. सोसायटीची मीटिंग होईल तेव्हा बिल्डर निवडायच्या आधी लेखी मागा की काही वन बीएचके राहू देत, एकदा करार झाल्यावर प्लॅन सहसा बदलत नाही. आईला भाजीवाली, देऊळ, ओळखीचा डॉक्टर सोडायला नकोय, हा हट्ट नाही, तिची सोयच त्यावर चाललीये.

प्रश्न : डीपीवर, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यावर, हरकत घेतली तर कोणी वाचतं का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : नुसतं "विरोध आहे" लिहिलं तर फरक पडत नाही, सुनावणीला हजर राहिलात तर पडतो. आधी आपल्या भागाचा सर्व्हे नंबर शोधा, मग शाळेचं, मैदानाचं आरक्षण कुठे आहे ते बघा, कारण 10 वर्षांत महापालिकेने जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढे आरक्षण उठू शकतं. तुमच्या सोसायट्यांमधे किती चुली, किती शाळकरी मुलं, ते दारोदार मोजून हरकतीला जोडा, आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या.